सहा वर्षांच्या मुलीला ‘द हॉबिट’ वाचून दाखवावं का?

हो, सहा वर्षांच्या मुलीला ‘द हॉबिट’ खुशाल वाचून दाखवा. तिला स्वतःला वाचता येईपर्यंत थांबू नका. १९३७ साली आलेली ही अद्भुत गोष्ट इंग्रज लेखक टॉल्किनने आधी आपल्याच मुलांना ऐकवली होती, आणि तिचा निवेदकही मध्येच थेट ऐकणाऱ्याशी बोलतो. मोठ्याने वाचताना ती वाक्यं काय खुलतात! प्रकरणं १९, पण काही चांगलीच लांब. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत. पाचव्या प्रकरणातल्या अंधारातल्या कोड्यांपाशी मात्र घाई नको: कोडं वाचा, पुस्तक मिटा, तिला डोकं चालवू द्या. तिथे कोडी घालणाऱ्या गोलम या विचित्र प्राण्याचा आवाज काढाच. फक्त शेवटची लढाई आणि त्यातले मृत्यू आधी स्वतः वाचून ठेवा. ती पानं झोपताना नकोत, दिवसा घ्या.