पवळ्या पिवळा नव्हे

प्रश्न असा आहे: ‘ढवळ्या-पवळ्या ही बैलांची नावे आपण लहानपणापासून ऐकतो. ढवळ्या म्हणजे पांढरा, हे समजते. मग पवळ्या म्हणजे पिवळा का? तसे असेल तर पिवळ्या असे का म्हणत नाहीत? आणि गाईबैलांना नावे ठेवण्याची मराठीत काही रीत आहे का?’

पवळ्याचा पिवळ्याशी संबंध नाही. ‘पिवळा’ हा शब्द संस्कृत ‘पीत’वरून आलेला आहे आणि त्या घराण्यातल्या शब्दांनी आरंभीचा ‘पि’ सोडलेला दिसत नाही. मराठीत पिवळा, हिंदीत पीला. ‘पवळा’ हा शब्द पोवळ्याच्या, म्हणजे प्रवाळाच्या घरचा आहे. संस्कृत ‘प्रवाल’, प्राकृत ‘पवाल’ आणि त्यावरून मराठीत पोवळे व पवळे ही दोन्ही रूपे झाली. पोवळे तांबडे असते, म्हणून तांबूस वर्णाचा बैल तो पवळा. पठ्ठे बापूरावांच्या साथीने गाजलेल्या तमाशातल्या पवळेचे नावही हेच. माणसांत ते हिरा, मोती यांच्या पंगतीला बसते आणि गोठ्यात गेले की रंग सांगते.

याचा सर्वांत चांगला पुरावा ज्या म्हणीमुळे ही जोडी सर्वांच्या तोंडी आहे त्या म्हणीतच आहे. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ यातल्या ‘वाण’ शब्दापाशी वाचक हमखास अडखळतो, कारण आज आपल्याला संक्रांतीचे वाण ठाऊक असते, बियाण्याचा वाण ठाऊक असतो आणि जुन्या माणसांच्या बोलण्यातली ‘पाण्याची वाण’, म्हणजे टंचाई, हीदेखील कानावरून गेलेली असते. म्हणीतला वाण यांपैकी कोणताही नाही. तो ‘वर्ण’ या शब्दाचा तद्भव आहे. पांढऱ्या बैलाशेजारी तांबडा बैल बांधला तर तांबड्याला पांढरा रंग लागत नाही, मात्र पांढऱ्याची खोड लागते, एवढाच तिचा अर्थ. ही दोन्ही नावे रंगांची नसतील तर ‘वाण नाही’ हे दोन शब्द अधांतरी राहतात. पुष्कळ ठिकाणी ही म्हण संगतीच्या परिणामाचे उदाहरण म्हणून दिली जाते आणि वाणाचा अर्थ न सांगताच पुढे जातात. निम्मी गंमत तिथेच हरवते.

आता ‘ढवळा’चे ‘ढवळ्या’ कसे झाले ते पाहू. ढवळा हे विशेषण आहे आणि ढवळ्या हे नाव. ‘ढवळा बैल विकला’ आणि ‘ढवळ्या विकला’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. परंतु ‘ढवळा विकला’ असे म्हटले तर ऐकणारा ‘कोणता ढवळा?’ असे विचारील. आकारान्त पुल्लिंगी नामाचे संबोधन ‘घोडा’वरून ‘घोड्या’ असे होते. जनावराचे नाव मुख्यतः हाक मारण्यासाठीच असते, तेव्हा हाकेतले हे रूप घट्ट होऊन तेच नाव बनले, असे माझे मत आहे. गणपतचा गण्या आणि पांडुरंगाचा पांड्या यांच्यातही सलगीचा हाच ‘या’ आहे. गाईच्या बाबतीत मात्र असे घडलेले नाही. कपिलेला ‘कपिले’ अशी हाक मारली तरी तिचे नाव कपिलाच राहते. तिच्या नावांना लाडाचा ‘ऊ’ लागतो: तांबडीची तांबू होते, जशी सखूबाईची सखू.

रीत आहे का, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे असे देता येईल की जुनी रीत नाव ‘ठेवण्या’ची नव्हे, जे दिसते तेच हाकेला घेण्याची आहे. ढवळी, पवळी, तांबू, कपिला, हरणी, कबरी ही सारी अंगावरच्या रंगांची नावे आहेत आणि कपाळावर पांढरा ठिपका असेल तर चांदी किंवा चांद्या हे नाव ठरलेलेच. म्हशींत सगळ्याच काळ्या असल्याने रंगाचा उपयोग नाही. तिथे असली एखादी खूणच कामी येते. ज्यांचा रोजचा संबंध गुरांशी आहे त्यांच्याकडे रंगांची वाटणी किती बारीक होते, हे पाहायचे असेल तर नाशिक-नगरच्या डोंगरपट्ट्यातल्या डांगी गुरांचे लाल खैरा, काळा खैरा, पारा खैरा हे प्रकार ऐकावेत, किंवा लातूरकडच्या देवणीचे वानेरा, शेवरा आणि बालंक्या. देवणी जातीतली ही तीन नावे काळे कोठे आहे आणि पांढरे कोठे, एवढ्यावरच ठरतात. ही रीत नवी नाही. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात विश्वामित्र वसिष्ठांकडे जी गाय मागतो तिचे नाव शबला आहे आणि शबल म्हणजे ठिपक्यांचा, कबरा. कामधेनू झाली तरी नाव कातड्यावरूनच!

दुसरा वर्ग मानाच्या नावांचा. सर्जा-राजा ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध जोडी. ‘राजा’ उघडच आहे. ‘सर्जा’ हा मात्र फारसी ‘शर्ज़ा’, म्हणजे खवळलेला, उग्र, या सिंहाला लावल्या जाणाऱ्या शब्दाचा वंशज आहे. विजापूरच्या शर्जा बुरुजात तोच शब्द आहे आणि कवी भूषण शिवाजी महाराजांना ‘सरजा’ म्हणतो तोही हाच. औताच्या बैलाला इतके भारदस्त नाव मिळाले याचे मला कौतुक वाटते. शर्यतीच्या बैलांत हा वर्ग आता जोरात आहे. 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवरची बंदी उठवल्यानंतर शर्यतीच्या घाटाघाटांवर बकासुरासारखी नावे गाजू लागली. त्यांत रंग औषधालाही सापडत नाही.

नाव रंगावरून पडते खरे, पण ते रंगाला कायम बांधलेले राहत नाही. माझ्या मामांच्या दावणीला डाव्या हाताचा खुंटा ढवळ्याचा होता. मूळचा पांढराशुभ्र बैल म्हातारा होऊन गेल्यावर त्यांनी आटपाडीच्या बाजारातून जो खिल्लार आणला तो राखी रंगाचा, कोसा होता, तरी त्याच खुंट्याला बांधल्यामुळे आठवड्याभरात तो ढवळ्या झाला. ढवळ्या आणि पवळ्या या नावांत एका अक्षराचाच फरक आहे, मग औत चालताना हाक नेमकी आपल्याला आहे हे बैलाला कसे कळते, असे मी त्यांना एकदा विचारले होते. मामा म्हणाले, ‘त्याला अक्षर कुठं ऐकायचंय? कासरा कुणाचा ओढला ते बघतो त्यो. नाव आपल्यासाठी असतंय.’