त्या दुसऱ्या कापडाबद्दल

चि. … यास,
अनेक आशीर्वाद.

बायकांनी छाती झाकण्यावरून झालेल्या भांडणांवर दिवाळी अंकासाठी लिहिलेला तुझा लेख दोनदा वाचला. भाषा वाहती आहे, वाचणारा मध्येच सोडणार नाही. पण पहिल्याच ओळीत तू रक्त सांडलं आहेस, तिसऱ्या ओळीत 'स्तनकर' आणला आहेस आणि शेवटाला थेट बर्लिनच्या जलतरण तलावावर जाऊन पोचला आहेस. मधली पन्नास वर्षं कुठे गेली? त्रावणकोर संस्थानातल्या, म्हणजे आजच्या दक्षिण केरळ आणि कन्याकुमारीकडच्या, बायका अंगावरच्या कापडासाठी बाजारात मार खात होत्या ती वर्षं तुझ्या लेखात दीड वाक्यात उरकली आहेत. खरा विषय तिथेच आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी नांगेली. चेर्थळाची ती बाई, कर मागायला आलेल्यांपुढे केळीच्या पानावर स्तन कापून ठेवणारी, तिच्या चितेत उडी घेणारा नवरा. दरवर्षी ही गोष्ट कुणी ना कुणी मोबाइलवर पाठवतंच. तू ती 1803 सालासकट, डोळ्यांनी पाहिल्यासारखी लिहिली आहेस. पण तिचा समकालीन लेखी पुरावा मिळालेला नाही. ती तिथल्या लोकांनी सांगत ठेवलेली गोष्ट आहे, आणि लोक एखादी गोष्ट इतकी जपतात त्याला कारण असतं, हे मीही मानते. तेव्हा ती गाळ असं म्हणत नाही. 'लोक असं सांगतात' एवढं त्यात घाल आणि लेखाच्या दारातून उचलून आत कुठेतरी ठेव. आणखी एक. 'मुलक्करम' म्हणजे छाती झाकण्यावरचा कर, असं तू ठामपणे लिहिलं आहेस. अनेक अभ्यासकांच्या मते तो खालच्या ठरवलेल्या जातींतल्या बायकांवरचा डोईपट्टीसारखा कर होता. पुरुषांवर 'तलक्करम' असे, तसा बायकांवर हा. कर जुलमी होता यात वाद नाही. पण झाकलं म्हणून कर आणि उघडं ठेवलं की माफ, असा हिशेब मांडलास तर जाणकार वाचक तिथेच अंक मिटेल.

आता मुद्द्यावर येते. शाणार, म्हणजे आजचे नाडार, हे त्रावणकोरच्या दक्षिण टोकाला ताडाच्या झाडांवर चढून पोट भरणारे लोक. त्यांच्यावरच्या बंदीची यादी जुन्या मिशनरी नोंदींत सापडते. छत्री नको, पायात चप्पल नको, सोनं नको, गाईची धार काढायची नाही, घराला वरचा मजला चढवायचा नाही. नंबुद्री ब्राह्मणापासून 36 पावलं लांब थांबायचं. आणि बायकांनी पाण्याची घागर कमरेवर घ्यायची नाही. या घागरीपाशी जरा थांब. कमरेवर घागर घेतल्याने कुणाचं काय बिघडत होतं? काहीच नाही. पण ती घेऊन चालणाऱ्या बाईची चाल वरच्या जातीच्या बाईसारखी दिसते, एवढाच तिचा गुन्हा. छाती उघडी ठेवण्याची सक्ती याच यादीतली एक ओळ होती. तू ती यादीतून उपटून एकटी उभी केलीस, म्हणून ती वाचणाऱ्याला नुसती चटकदार वाटते.

बरं, छाती उघडी फक्त शाणार बायकांचीच होती का? नाही. वरच्या जातीतल्या नायर बायका अंगावर एक हलकं कापड घेत आणि नंबुद्री, राजा किंवा देव समोर आला की ते खाली उतरवत. शाणार पुरुषालाही वरच्यांसमोर कमरेच्या वर कापड घेता येत नसे. म्हणजे प्रत्येक पायरीवरचा माणूस आपल्या वरच्या पायरीपुढे अंग उघडं करत होता. आपल्याकडे पागोटं उतरवून उभं राहायचे, तसाच हा मुजरा होता. लाज वगैरे भानगड त्यात कुठे आली?

कर्नल मन्रो त्रावणकोरचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, आणि दिवाण असताना, 1814 च्या सुमारास, ख्रिस्ती झालेल्या शाणार बायकांना 'कुप्पायम' घालायची परवानगी मिळाली. केरळातल्या जुन्या सीरियन ख्रिस्ती समाजातल्या बायका घालत तसं ते अंगरख्यासारखं जॅकेट. अंग व्यवस्थित झाकलं जातं. प्रश्न फक्त अंग झाकण्याचा असता तर तो तिथेच मिटायला हवा होता, नाही का? मिटला नाही. कारण या बायकांनी जॅकेट घातलं आणि त्यावरून नायर बायकांसारखं खांद्यावरचं कापडही घेतलं. भांडण पेटलं ते या दुसऱ्या कापडावरून. 1822 पासून बाजारात बायकांना अडवून ती कापडं फाडली जाऊ लागली. 1829 च्या फेब्रुवारीत दरबाराचा जाहीरनामा निघाला, तो नीट वाच: जॅकेट चालेल, खांद्यावरचं कापड चालणार नाही. आणि त्याच जाहीरनाम्यात शाणारांनी सरकारी वेठ इतरांसारखीच केली पाहिजे, असंही बजावलं होतं. कापड आणि वेठबिगार एकाच कागदावर! मी संपादक असते तर लेखाची सुरुवात या कागदापासून करायला लावली असती.

दुसरा भडका 1858 चा. कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं आणि तुमच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही, असं राणीच्या जाहीरनाम्यात आलं. वरच्या जातींनी त्याचा अर्थ लावला की आता जुना रिवाज पुन्हा बसवायला आपण मोकळे. नागरकोइलच्या आसपास पुन्हा बायकांची कापडं फाडली गेली, प्रार्थनाघरं आणि शाळा जाळल्या गेल्या. या वेळी दिवाणाच्या खुर्चीवर कोण होतं, हे तुझ्या लेखात नाही, आणि मराठी वाचकासाठी लिहिताना ते नसणं मला खटकलं. सर टी. माधवराव. तंजावरच्या मराठी देशस्थ घराण्यातले, कुंभकोणमला 1828 साली जन्मलेले. त्यांचे काका व्यंकटराव हेही पूर्वी त्रावणकोरचे दिवाण होते. हेच माधवराव पुढे इंदूरचे दिवाण झाले आणि 1875 पासून बडोद्याचे. सयाजीराव लहान असताना कारभार त्यांनीच पाहिला. बडोद्यात आपण त्यांचं नाव आदराने घेतो आणि ते योग्यही आहे. पण 1858 अखेर त्यांनी जो हुकूम काढला त्यात दोन्ही बाजूंना समज होती: शाणारांनी चालत आलेला रिवाज मोडू नये आणि इतरांनी कायदा हातात घेऊ नये. मार खाणारा आणि मारणारा एकाच ओळीत! हुशार, सुधारक, कर्तबगार माणूस, आणि तरी पहिल्या झटक्याला त्याची लेखणी शांतता राखण्याकडेच वळली. हे लिहिताना त्यांना झोडपू नकोस आणि सांभाळूनही घेऊ नकोस. हुकुमात काय होतं ते सांग, पुढचं वाचक बघेल.

नंतर मद्रासचा गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेल्यन याने दरबाराला खरमरीत पत्र धाडलं आणि 26 जुलै 1859 ला नवा जाहीरनामा आला. सगळ्या शाणार बायकांना, ख्रिस्ती असोत वा नसोत, अंग झाकायची मोकळीक. पण कसं? जॅकेट घालून, किंवा कोळणींसारखं जाडंभरडं कापड खांद्यावरून गुंडाळून. वरच्या जातीच्या बायकांची पद्धत सोडून. म्हणजे विजयाच्या कागदावरही ते दुसरं कापड अडलंच. पुढच्या काळात ही अटही गळून गेली. पण शाणारांच्याही खालच्या ठरवलेल्या पुलया जातीच्या बायकांना गळ्यातल्या दगडी माळा तोडून चोळी घालण्यासाठी 1915 साल उजाडावं लागलं. पुलयांचे नेते अय्यनकाळी यांनी कोल्लमला भरवलेल्या सभेत त्या माळांचा ढीग पडला.

तुझ्या लेखात एक वाक्य आहे: 'इंग्रज येण्याआधी आपल्याकडे शरीराबद्दल मोकळेपणा होता, लाज इंग्रजांनी शिकवली.' हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. मिशनऱ्यांना त्यांच्या देशातली सभ्यता इथे आणायची होतीच, त्यात शंका नाही. पण शाणार बायकांसमोर उभं राहून 'तुमचा मोकळेपणा गेला' असं तू म्हणू शकशील का? आणि 'आम्ही किती रानटी होतो' हे दुसरं टोकही तितकंच आळशी. दोन्ही वाक्यं काढून टाक, लेखाचं काहीही कमी होणार नाही.

आणि केरळकडे बोट दाखवण्याआधी आपल्या माजघरात डोकावून ये. ब्राह्मण घरातल्या केशवपन केलेल्या विधवेला लाल आलवण नेसावं लागे आणि चोळी वर्ज्य असे. एका बाजूला तिने परपुरुषासमोर यायचं नाही हा नियम, दुसऱ्या बाजूला तिच्या अंगावरची चोळी काढून घेणाराही तोच समाज. स्वयंपाकघरात चुलीपुढे ओणवी होऊन ती बाई आयुष्यभर पदर सावरत राहिली. गोव्यातल्या कुणबी बायका खांद्यावर गाठ मारून चोळीशिवाय लुगडं नेसत, त्यांना मात्र कुणी ती शिक्षा म्हणून दिली नव्हती. दोघींच्या अंगात चोळी नाही. पण तू एकीबद्दल लिहिलेलं दुसरीला लावून पाहा, चालत नाही. म्हणून कुठल्याही चित्राकडे पाहून आधी विचार: हे कुणाच्या सांगण्यावरून, आणि नाही ऐकलं तर काय होत होतं?

हा प्रश्न हातात असला की तुझं बर्लिनही जागेवर बसेल. तिथे एका सार्वजनिक तलावावर बाईला वरचं अंग झाकायला सांगितलं गेलं, तिने तक्रार केली आणि मार्च 2023 मध्ये प्रशासनाने मान्य केलं की पुरुषाला मुभा तर बाईलाही. गंमत म्हणजे नियमात स्त्री-पुरुष भेद लिहिलेलाच नव्हता. तो सगळे मनातून वाचत होते. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरच्या बागेत उघड्या छातीने बसल्या म्हणून 1986 साली पकडलेल्या बायका 1992 मध्ये सुटल्या, कॅनडात ओंटारिओतली एक विद्यार्थिनी 1996 मध्ये. या तिन्हींना एका परिच्छेदापेक्षा जास्त जागा देऊ नकोस, ते तुझं अंगण नाही. पण एवढं जरूर लिही की अमेरिकेतल्या समुद्रकिनाऱ्यांवर उघड्या छातीने पोहणाऱ्या पुरुषांनाही 1930 च्या दशकापर्यंत पोलीस पकडत असत. पुरुषाची छाती सभ्य झाली ती आमच्या आजोबांच्या हयातीत.

आपल्याकडचा कायदा सांगताना कलम नीट बघ. भारतीय न्याय संहितेचं कलम 296 सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल अशा अश्लील कृतीबद्दल आहे. त्यात बाई हा शब्द नाही, किती कापड हेही नाही. सगळा भार पाहणाऱ्याच्या त्रासावर. केरळ उच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये रेहाना फातिमा प्रकरणात जे म्हटलं ते तू अर्धंच घेतलं आहेस. आपल्या मुलांना उघड्या अंगावर चित्र काढू दिल्याबद्दल त्या आईवर गुन्हा दाखल झाला होता आणि न्यायालयाने तिला खटल्यातून मोकळं केलं. पुरुष उघड्या अंगाने फिरतो तेव्हा कुणाला काही वाटत नाही, बाईचं अंग मात्र आधीपासूनच लैंगिक धरलं जातं, देवळांतल्या मूर्तींकडे आपण तसं पाहत नाही, असा त्या निकालाचा ओघ आहे. पण हा निकाल म्हणजे उद्यापासून रस्त्यावर सगळं माफ, असा अर्थ काढू नकोस. तो त्या प्रकरणापुरता आहे.

केरळातलाच आणखी एक धागा तुझ्या उपयोगाचा. तिथल्या अनेक देवळांत पुरुषाला आजही सदरा काढून आत जावं लागतं. 2024 च्या 31 डिसेंबरला नारायण गुरूंच्या शिवगिरी मठाच्या यात्रेत तिथल्या स्वामींनीच ही प्रथा थांबवा असं म्हटलं आणि मुख्यमंत्र्यांनी दुजोरा दिला, त्यावरून बराच धुरळा उडाला. अंग उघडं करून मान देण्याची ती जुनी रीत अजून कुठे शिल्लक आहे, हे वाचकाला एका ओळीत कळेल.

र. धों. कर्व्यांचा उल्लेख तुला करायचा असेल तर कर, पण ओढून आणू नकोस. त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असे आणि खटले भरले गेले ते मात्र आतल्या मजकुरावर. 1934 च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. त्यावर वेगळा लेख होईल, पुढच्या वर्षी लिही.

आता थोडं अवघड बोलते. तू पुरुष आहेस आणि हा विषय बायकांच्या छातीचा आहे. त्याने तुला लिहायला बंदी नाही, पण तुझ्या विशेषणांवर मी तांबडी पेन्सिल चालवली आहे. 'उन्नत', 'कोवळी', 'लज्जेने थरथरणारी' हे शब्द तू मार खाणाऱ्या बाईसाठी वापरलेस. वाचणारी बाई तिथे तुला ओळखेल. ज्या बाईचं कापड फाडलं जातंय तिच्या हातात काय होतं ते लिही: भाजीची पाटी, ताडगुळाची ढेप, कडेवरचं मूल. त्या बाजाराला कशासाठी आल्या होत्या? विकायला. त्या दिवसाची विक्री बुडाली, हे कुणीच लिहीत नाही.

आणि चित्र. संपादक नक्की नांगेलीचं चित्र मागतील, कारण अंक विकायचा असतो. तू आधीच त्यांच्याशी बोलून घे. 1829 आणि 1859 च्या जाहीरनाम्यांचे उतारे चौकटीत छापा म्हणावं, चित्रापेक्षा ते जास्त बोलतात. नाहीच ऐकलं तर पालघाटापासून नागरकोइलपर्यंतचा नकाशा द्या. आपल्या वाचकाला त्रावणकोर नेमकं कुठे होतं तेही ठाऊक नसतं.

शाळेच्या पुस्तकातून हा भाग कसा गेला, ते तू लिहिलंस ते बरोबर आहे. फक्त दोन टप्पे वेगळे ठेव. 2016 च्या डिसेंबरात सीबीएसईने नववीच्या परीक्षेत त्यावर प्रश्न येणार नाहीत असं कळवलं, आणि 2019 मध्ये एनसीईआरटीने कपड्यांच्या इतिहासाचा अख्खा धडाच काढला. तू दोन्ही एकाच वर्षी घातलं आहेस.

पुढचा मसुदा सुरुवातीच्या दोन पानांपुरताच पाठव, पूर्ण नको. मी दसऱ्यापर्यंत पुण्यातच आहे, येऊन गेलास तरी चालेल. येताना मिशनरी मतीर यांच्या 'नेटिव्ह लाइफ इन त्रावणकोर'ची छायाप्रत घेऊन ये, माझ्या प्रतीची मधली पानं वाळवीने खाल्ली आहेत.

तुझ्या
बाई