प्राग पूर्वेला आणि व्हिएन्ना पश्चिमेला?

भाषांतराचं काम करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: “चेक प्रजासत्ताक, पोलंड, हंगेरी यांना मराठीत पूर्व युरोप म्हणायचं की मध्य युरोप? दोन्ही वापर दिसतात. आणि हे देश विकसित धरायचे की विकसनशील?”

आधी नकाशा उघडून बघा. प्राग व्हिएन्नाच्या चांगलंच पश्चिमेला आहे. अथेन्स वॉर्सॉच्याही पूर्वेला आहे. तरी कित्येक दशकं मराठी वर्तमानपत्रांत व्हिएन्ना आणि अथेन्स ‘पश्चिम युरोपात’ होती, प्राग आणि वॉर्सॉ ‘पूर्व युरोपात’. म्हणजे या ‘पूर्व’चा सूर्य उगवण्याशी फारसा संबंध नाही. ते शीतयुद्धातलं राजकीय नाव आहे.

मार्च 1946 मध्ये अमेरिकेत फुल्टन इथे चर्चिल यांनी पोलादी पडद्याचं, म्हणजे सोव्हिएत वर्चस्वाखालचा युरोप आणि उरलेला युरोप यांच्यामधल्या सीमेचं, भाषण केलं. बाल्टिक समुद्रावरच्या श्टेटिनपासून एड्रियाटिकवरच्या त्रिएस्तेपर्यंत पडदा पडला आहे, असं सांगून त्यांनी पडद्यामागे गेलेल्या राजधान्या मोजल्या. त्या यादीत वॉर्सॉ, प्राग, बुडापेस्ट यांच्या जोडीला व्हिएन्नाही होती! शहराचा आणि ऑस्ट्रियाचा काही भाग तेव्हा सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात होता. 1955 मध्ये करार झाला, परकी सैन्यं गेली, ऑस्ट्रियाने तटस्थता जाहीर केली आणि व्हिएन्ना बघता बघता पश्चिमेत जमा झाली. शहर तिथेच राहिलं, दिशा तेवढी बदलली.

1989 नंतर चेक, पोलिश, हंगेरियन लोकांनी ‘मध्य युरोप’ हे नाव आग्रहाने पुढे आणलं. 1991 मध्ये पोलंड, हंगेरी आणि तेव्हाचं चेकोस्लोव्हाकिया यांनी विशेग्राड गट स्थापला. 1993 मध्ये चेकोस्लोव्हाकियाची फाळणी झाल्यावर त्यात चार देश झाले. प्रागच्या माणसाला तुम्ही ‘पूर्व युरोपातले’ म्हणालात तर तो बहुधा तिथल्या तिथे दुरुस्ती करील. पण ‘मध्य युरोप’ हा शब्दही सोवळा नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन विचारवंतांनी तो वापरला तेव्हा जर्मनीच्या वर्चस्वाखालचा प्रदेश हाच अर्थ पुष्कळांना अभिप्रेत होता. आज जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड यांनाही भूगोलाची पुस्तकं मध्य युरोपात घालतात.

मग अधिकृत काय? संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाच्या वर्गवारीत युरोपाचे चारच भाग आहेत: पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. मध्य नाहीच. चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, पोलंड, हंगेरी तिथे थेट रशिया-युक्रेनच्या पंगतीला पूर्वेत बसतात. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, सर्बिया दक्षिणेत, इटली-स्पेनबरोबर. एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया उत्तरेत, ब्रिटन आणि आयर्लंडसोबत. सायप्रस 2004 पासून युरोपीय संघाचा सदस्य असला तरी या यादीत पश्चिम आशियात आहे. ही मांडणी केवळ आकडेवारीच्या सोयीसाठी आहे, असा खुलासा विभागाने स्वतःच केलेला आहे. वाद घालताना लोक तेवढंच विसरतात. त्याच संयुक्त राष्ट्रांत सुरक्षा परिषदेच्या निवडणुकांसाठी वेगळे गट आहेत आणि तिथे ‘पश्चिम युरोप व इतर’ या गटात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडही आहेत.

तेव्हा मूळ मजकूर संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीवर बेतलेला असेल तर ‘पूर्व युरोप’ ठेवा. संस्कृती, इतिहास, पर्यटन असा विषय असेल तर ‘मध्य युरोप’ अधिक नेमकं. आणि लेखकाला खरं तर राजवट म्हणायची असेल, तर दिशा सोडून सरळ ‘पूर्वाश्रमीचे कम्युनिस्ट देश’ लिहा. मराठीत एवढा चांगला शब्द असताना होकायंत्र कशाला?

इथे मराठीतले दोन-तीन खड्डे. ‘सेंट्रल अँड ईस्टर्न युरोप’ याचं ‘मध्य-पूर्व युरोप’ करू नका. ‘मध्यपूर्व’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे इराक आणि सौदी अरेबिया उभे राहतात. ‘मध्य आणि पूर्व युरोप’ असं सुटं लिहावं. ‘दक्षिण-पूर्व युरोप’ मात्र खुशाल ‘आग्नेय युरोप’ करावा. आग्नेय आशिया आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, मग उपदिशांची आयती नावं वाया का घालवा? ‘पौर्वात्य युरोप’ नको, कारण मराठीत पौर्वात्य म्हणजे आशियातलं. (पाणिनीच्या हिशेबाने रूप ‘पौरस्त्य’ हवं, पौर्वात्य आणि पाश्चिमात्य ही दोन्ही ‘दाक्षिणात्य’च्या चालीवर पाडलेली. पण ती इतकी रुळली आहेत की आता हटकण्यात अर्थ नाही.)

बाल्कन आणि बाल्टिक यांची अदलाबदल बातम्यांत अजून होते. बाल्कन हे दक्षिणेतलं द्वीपकल्प, बाल्टिक हा उत्तरेतला समुद्र. स्कँडिनेव्हिया म्हणजे काटेकोरपणे डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन. फिनलंड आणि आइसलँड धरायचे असतील तर ‘नॉर्डिक देश’ म्हणावं.

‘पश्चिम बाल्कन’ हा सगळ्यांत गमतीचा शब्द. युरोपीय संघाने तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रूढ केला: जुन्या युगोस्लाव्हियातून स्लोव्हेनिया वजा, अल्बानिया अधिक. क्रोएशियाही त्यात होता. 2013 मध्ये तो संघाचा सदस्य झाला आणि या शब्दातून बाहेर पडला. भूगोलाच्या नावाखाली ही संघाच्या दाराबाहेरची प्रतीक्षा यादी आहे, असं माझं मत.

आता विकासाचं. इथे तर एकाच पोलंडला पाच कुंडल्या आहेत. जागतिक बँक दरडोई उत्पन्नानुसार चार गट करते. त्यात पोलंड 2009 पासून उच्च उत्पन्न गटात आहे. संयुक्त राष्ट्रांचा वार्षिक आर्थिक अहवाल त्याला विकसित अर्थव्यवस्था मानतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मात्र त्याला ‘उदयोन्मुख आणि विकसनशील युरोप’ या गटात ठेवलं, तर शेजारच्या चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकियाला 2009 मध्येच ‘प्रगत’ केलं. शेअर बाजारांचे निर्देशांक काढणाऱ्या कंपन्यांपैकी एफटीएसई रसेलने 2018 मध्ये पोलंडला विकसित बाजारांत बढती दिली, एमएससीआयने त्याला उदयोन्मुखच ठेवलं. उलट ग्रीस नाणेनिधीच्या लेखी प्रगत असतानाच 2013 मध्ये एमएससीआयने त्याला विकसितमधून उदयोन्मुखमध्ये उतरवलं. यातलं काहीच खोटं नाही. कोणी उत्पन्न मोजतो, कोणी बाजारात पैसा किती सहज आत-बाहेर करता येतो ते बघतो.

म्हणून नुसतं ‘विकसनशील पोलंड’ लिहिलं तर मराठी वाचकाची फसगत होते; त्याला भारत किंवा केनियासारखी स्थिती वाटते. ‘उदयोन्मुख’ बरं, आणि कोणाच्या यादीत ते सोबत सांगावंच. सर्बिया, अल्बानिया, युक्रेन, रशिया यांना संयुक्त राष्ट्रांचा तो अहवाल ‘इकॉनॉमीज इन ट्रान्झिशन’ म्हणतो. त्याचं ‘संक्रमणशील अर्थव्यवस्था’ हे भाषांतर व्याकरणाने ठीक आहे, पण करोनाच्या साथीत हिंदी बातम्यांनी संक्रमणाचा अर्थ आपल्याही कानात बदलून टाकला. मी ‘स्थित्यंतरातील अर्थव्यवस्था’ लिहितो.

शिवाय देश ही मोजमापाची एकमेव पट्टी नाही. युरोपीय संघ निधी वाटताना प्रदेश बघतो: दरडोई उत्पादन संघाच्या सरासरीच्या 75 टक्क्यांहून कमी असेल तो ‘कमी विकसित प्रदेश’. त्या हिशेबाने इटलीतले सिसिली आणि कालाब्रिया कमी विकसित, आणि ‘पूर्व’ युरोपातलं प्राग संघातल्या सर्वांत श्रीमंत प्रदेशांपैकी एक. राजधान्यांचे आकडे कामाला रोज बाहेरून येणाऱ्यांमुळे फुगतात हे खरं, पण इतक्या दरीचा खुलासा तेवढ्याने होत नाही.

प्रश्नात नव्हतं, पण पुढे अडणार म्हणून: ‘चेक प्रजासत्ताक’ आणि ‘चेकिया’ दोन्ही बरोबर. छोटं नाव त्या देशाने 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे नोंदवलं. एका मजकुरात कोणतं तरी एकच ठेवा, आणि विशेषण दोन्हींसाठी ‘चेक’.