ख्रिस्ती माणसाने अन्यधर्मीयांना आत्मिक भाऊबंद मानावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: "मी ख्रिस्ती आहे. आमचे पाळक म्हणतात, अन्यधर्मीयांवर शेजारी म्हणून प्रीती करा, पण ते आत्मिक भाऊ नव्हेत. माझे जिवलग मित्र मात्र हिंदू आणि मुसलमान आहेत. मी काय समजायचं?"

मी जालन्याचा, ख्रिस्ती घरात वाढलेला. धर्मशिक्षण संडेस्कूलपुरतंच, तेव्हा हे उत्तर तेवढ्याच वजनाने घ्या.

तुमच्या पाळकांकडे आधार आहे. बायबलमधलं योहान १:१२ म्हणतं, ज्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला त्यांना देवाची मुलं होण्याचा अधिकार मिळाला. ते वचन खोडता येत नाही. पण बायबलमध्येच प्रेषितांची कृत्ये १७ उघडा. अथेन्समध्ये, मूर्ती पुजणाऱ्या लोकांसमोर उभा राहून प्रेषित पौल म्हणतो की आपण देवाचे वंशज आहोत, आणि तेही एका ग्रीक कवीची ओळ घेऊन. म्हणजे वंश एक, घराणं वेगळं. आपल्याकडे हे फोडून सांगायला नको. गावात एकाच आडनावाची पन्नास घरं असतात, पण भावकी म्हणजे ज्यांचं सुतक लागतं ती.

आम्ही सुतक पाळत नाही. तरी बाबा ईदच्या आदल्या रात्री गेले, तेव्हा शेजारच्या चाचींनी शीरखुर्म्याला आणलेलं दूध तसंच ठेवलं आणि आमच्याकडे झुणका-भाकरी पाठवली. घरात सण केलाच नाही. कबरस्तानात मात्र विश्वासातले आमचे भाऊ चर्चच्या जागेच्या भांडणामुळे दोन टोळक्यांत उभे होते. कोणाला भावकी म्हणू?

मराठी ख्रिस्ती माणसाला तर हे नातं नाकारणं जडच जातं. जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव मिशनरी नारायण शेषाद्रींनी वसवलं, ते निजामाचे मुसलमान दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. रविवारी आम्ही पेटी-तबल्यावर त्यांची भजनं म्हणतो, तेव्हा चाल आणि आर्जव दोन्ही देहू-पैठणकडचं असतं. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांसाठी. मिशनमधल्या अनेकांना ते रुचलं नाही.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. माझा एक मित्र माळकरी आहे, आषाढीला पायी जातो. एकदा मी भारावून त्याला म्हणालो, "तू न कळत ख्रिस्ताचाच आहेस." तो हसला. म्हणाला, "मग तूही न कळत विठ्ठलाचा. घाल माळ, सोड मटण." मी गप्प. न विचारता कोणाचं नाव आपल्या सातबाऱ्यावर चढवलं की तो माया समजत नाही, अतिक्रमण समजतो. तेव्हापासून मी त्याला भाऊ म्हणतो, त्याच्यासाठी प्रार्थना करतो, पण तो कोणाचा हे ठरवत नाही. आमचे वाद होतात. मला ख्रिस्तच तारणारा वाटतो, आणि हे त्याला माहीत आहे.

राहिले तुमचे पाळक. मत्तय १२:५० मध्ये येशू म्हणतो, जो माझ्या स्वर्गीय पित्याच्या इच्छेप्रमाणे वागतो तोच माझा भाऊ, बहीण आणि आई. त्यावर एकदा संदेश द्या, असं त्यांना सांगून बघा. आमच्याकडे मी अजून तरी ऐकलेला नाही.