बिल्टीची तारीख बघा, डिलिव्हरीची नाही

इचलकरंजीच्या एका वर्कशॉपवाल्यांचा प्रश्न आहे. राजकोटच्या डीलरकडून ऑनलाईन बघून जुना लेथ (धातू कातायचं मशीन) घेतला ३ लाख १० हजाराला, गाडी डीलरनेच लावून दिली, भाडं २४ हजार यांनी भरलं, आणि गाडी दारात आली तर बेडला, म्हणजे मशीनच्या खालच्या ओतीव सांगाड्याला, चकच्या (जॉब पकडायच्या भागाच्या) खाली तडा. बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची माल बुक केल्याची पावती, १४ डिसेंबरची, माल आला २१ ला. तेव्हापासून ट्रान्सपोर्टवाला व्हॉट्सॅपवर "क्लेम टाकलाय साहेब, बघतो" म्हणतोय. कधी लेथ असतो, कधी जनरेटर, कधी जेसीबी, पत्र दर वेळी हेच.

चूक कोणाची ते नंतर बघू. तुम्ही लिहिलंय "वकील मित्र म्हणाला तीन वर्षं मुदत आहे". आहे, पण ती दाव्याची. त्याआधी २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याचं कलम १६ आहे: नुकसानीची लेखी नोटीस ट्रान्सपोर्टरला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत मिळाली नसेल तर दावाच लावता येत नाही, आणि कलमात "इतर कायदेशीर कारवाई" पण आहे, म्हणजे ग्राहक आयोगाची पळवाट नाही. माल आला त्या दिवसापासून नाही, बुकिंगपासून. तुमचे १८० दिवस १२ जूनला भरतात आणि आज मे संपत आलाय! पाच महिने गुड मॉर्निंगच्या खाली तक्रार टाईप करत बसलात, त्याला कोर्ट नोटीस मानेलही कदाचित, पण त्या "कदाचित"वर अडीच टनाचं मशीन कशाला लावताय?

उद्याच पाठवा, स्पीड पोस्टाने, पोच घेऊन, बुकिंग ऑफिस आणि हेड ऑफिस दोन्हीकडे, शिवाय ईमेलही. बिल्टी नंबर, तारीख, काय तुटलं, किती मागताय, बास. ट्रान्सपोर्टवाला "मी ब्रोकर आहे, गाडी माझी नाही" म्हणाला तरी पाठवा, कायद्याच्या व्याख्येत ब्रोकरही येतो.

किती मिळेल ते सांगणं अवघड आहे. हायर रिस्क रेट (ट्रान्सपोर्टरने जास्त जोखीम घ्यावी म्हणून द्यायचं जादा भाडं) भरला नसेल तर नियमाने भाड्याच्या दहापट, म्हणजे २ लाख ४० हजार, पण मालाची जाहीर केलेली किंमत त्याहून कमी असेल तर तेवढंच, आणि तुम्ही टॅक्स वाचवायला बिल ९० हजाराचं करून घेतलंत. आता काय बोलायचं. बिल्टीवरच्या "ओनर्स रिस्क"च्या (जोखीम मालवाल्याची) शिक्क्याला मात्र घाबरू नका, निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागत नाही. तरी ते म्हणणारच की तडा तुमच्या हायड्रा क्रेनने उतरवताना गेला, म्हणून हूक लागायच्या आधी गाडीवरच काढलेला तो फोटो मूळ फोनमध्ये तसाच ठेवा.

डीलरचा नाद सध्या सोडा. माल ट्रान्सपोर्टरच्या ताब्यात दिला की सहसा तो सुटतो, "पोच डिलिव्हरी" (माल दारात पोचेपर्यंत जबाबदारी डीलरची) असं चॅटमध्ये कबूल केलं असेल तर वेगळं, ते चॅट पाठवा मला. आणि बेड वेल्डिंगला दिला नसेल तर नुकसान तपासणारा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत देऊ नका.