फ्लटर आणि फिब्रिलेशन एकच का? वडिलांच्या जुन्या ईसीजीवर एक लिहिलंय, नव्यावर दुसरं (नाशिक)

एकच नाही, पण सख्खी भावंडं: दोन्ही हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या (कर्णिकांच्या) ठोक्यातले बिघाड. एकाच माणसाला दोन्ही होऊ शकतात, त्यामुळे रिपोर्ट चुकलाच असं समजू नका.

आपल्या नाशिक ढोलावरूनच सांगतो. फ्लटर म्हणजे पथक तालात आहे, फक्त लय भलतीच चढलीय. बहुतेकदा उजव्या कर्णिकेत विजेचा एकच प्रवाह गोल फिरत राहतो, मिनिटाला साधारण 300 वेळा. त्यातला बऱ्याचदा एकाआड एक ठोका हृदयाच्या खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतो, म्हणून नाडी 150च्या आसपास. ईसीजीच्या कागदावर करवतीचे दाते स्पष्ट दिसतात. फिब्रिलेशनमध्ये प्रत्येक ढोलवाला आपापलं बडवतोय. मनगटावर बोटं ठेवा: दोन ठोके लगेच, मग खंड, मग एक हलका. ठेकाच सापडत नाही.

उपचारातला मोठा फरक अ‍ॅब्लेशनचा. यात शिरेतून नळी घालून हृदयातला विजेचा चुकीचा रस्ता तोडतात. फ्लटरचा रस्ता ठरलेला असतो, तो एका जागी तोडला की बहुतेकांचं काम होतं. फिब्रिलेशनमध्ये डाव्या कर्णिकेत फुफ्फुसाच्या शिरांभोवती काम करावं लागतं, कधी पुन्हाही. वेग आवरायच्या गोळ्या आणि गरजेला ठोका ताळ्यावर आणायला विजेचा शॉक दोन्हींत.

आमच्या आईने ‘आता धडधडत नाही’ म्हणून रक्त पातळ करायची गोळी परस्पर बंद केली होती. ते मात्र करू देऊ नका. लकव्याचा धोका दोन्हींत असतो, आणि गोळी लागणार की नाही हे वय, बीपी, शुगर बघून ठरतं, धडधडीवरून नाही. कार्डिऑलॉजिस्टकडे जाताना दोन्ही ईसीजी न्या. छातीत दुखलं, चक्कर आली, तोंड वाकडं झालं तर थेट इमर्जन्सी.