बोंडल्याला जाण्याआधी

प्रिय बाय,

सुट्टीत बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात काम करायचं म्हणून गोव्याच्या वन खात्याकडे अर्ज केलास, वाचून फार बरं वाटलं. पण बिबट्याची पिल्लं हाताळायला मिळतील का, असं विचारलंस म्हणून लगेच लिहायला घेतलं. नाही मिळणार, आणि मिळूही नयेत. माणसाला सोकावलेलं पिल्लू पुन्हा रानात सोडणं फार कठीण होऊन बसतं.

तुझ्या वाट्याला येईल खराटा, पाण्याचा पाइप आणि शेण. त्याला कमी लेखू नकोस. रानातलं जनावर दुखणं लपवतं, कारण वाघरू आधी लंगडणाऱ्यालाच धरतं. पिंजऱ्यात आलं तरी ती खोड जात नाही. कळतं ते लेंड्यांवरून आणि उरलेल्या चाऱ्यावरून. सांबराच्या लेंड्या सुट्या, घट्ट हव्यात. पातळ लगदा पडलेला दिसला की पोट बिघडलं समज. रवंथ चाललंय का, रोज पुढे येणारी मादी आज मागे का उभी आहे, तेही बघ. आणि हे सगळं धुण्याआधी. एकदा पाइप फिरला की डॉक्टरांना दाखवायला काही उरत नाही.

चितळांच्या कुंपणात धावपळ अजिबात नको. जिवाच्या आकांताने पळालेल्या चितळाचे स्नायू आतून नासतात. अंगावर ओरखडाही नसतो आणि दोन-चार दिवसांनी ते मरतं. डॉक्टर त्याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. रोज एकाच वाटेने, हळू, आधी आवाज देऊन आत जायचं.

बिबट्याकडे मात्र कीपरच्या मागेच राहायचं. जनावर कोठडीत गेलेलं डोळ्यांनी पाहायचं, कुलूप हाताने ओढून बघायचं, मगच बाहेरचं दार. ‘लावलंय’ असं दुसऱ्याने सांगितलं, तरीही.

पर्यटक चिप्स टाकतील. पाकिटाला मीठ लागलेलं असतं, हरणं ते प्लास्टिकसकट खातात आणि पोट तुंबून मरतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने प्राणिसंग्रहालयातल्या जनावरांना खायला घालणं, डिवचणं हा गुन्हा आहे. मुलांना हे नीट समजावलंस तर ती आईबापांचा हात धरून त्यांना थांबवतात, हे मी पाहिलंय.

जनावरं कोंडून ठेवणं बरोबर का, हेही विचारलं आहेस. धडधाकट जनावर नुसतं लोकांना दाखवायला आणून ठेवणं मला पटत नाही. पण फासात पाय गेलेला बिबट्या जाणार कुठे? त्याला शेवटपर्यंत सांभाळणारं कोणीतरी हवंच, आणि ते काम मन लावून करणारं हवं.

शेजारच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडीतून येतो. पूर्ण बाह्यांचा सदरा घाल, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाक, कानामागे, काखेत, गुडघ्यामागे नीट तपास. रेबीजची प्रतिबंधक लस आताच सुरू कर, तिचे डोस काही दिवसांच्या अंतराने असतात. गुरुवारी बोंडला लोकांना बंद असतं, पण जनावरांचं खाणंपिणं चालूच असतं. त्या दिवशी जायला मिळतं का, ते आवर्जून विचार. गर्दी नसताना तिथलं काम जास्त शिकता येतं.

तुझा,
काका